हात बसेपर्यंत निकाल नको

पत्र: सैन्यातून निवृत्त होऊन चाळीसगाव तालुक्यात गावी शेती करतो. वय ६१. गोल्फ फौजेत शिकलो, तो सुटला नाही. महिन्यातून दोनदा देवळालीला जुन्या सोबत्यांकडे मुक्काम टाकतो आणि खेळून येतो. एरवी घरामागे जाळी बांधली आहे, तिच्यात मारतो. माझा जुना सेट तमिळनाडूत वेलिंग्टनला, फौजेच्या स्टाफ कॉलेजच्या वर्षी एका सीनिअरकडून घेतलेला. सात नंबरच्या आयर्नच्या (लोखंडी डोक्याच्या काठीच्या) टाचेला खोच आहे. ती कोणत्या दगडाने पडली, त्या दिवशी सोबत कोण होतं, हवा कशी होती, सगळं आठवतं. सोबतचा कॅप्टन आज हयात नाही. यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मुलगा बंगळुरूहून आला तो नवा सेट घेऊनच. लांब मारायच्या ड्रायव्हरपासून चेंडू भोकात ढकलायच्या पटरपर्यंत सगळं नवं, अमेरिकेहून आणलेलं. पहिले दोन राउंड झकास गेले. मग घसरण लागली. हँडिकॅप (ठरलेल्यापेक्षा साधारण लागणारे जादा फटके) १४ आहे, ८६-८८ फटक्यांत संपवणारा मी आता ९६-९७ वर जातो. चेंडू एक तर ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या हिरवळीच्या) पार जातो, नाहीतर अर्ध्यात बसतो. गेल्या महिन्यात जुना सात नंबर गुपचूप बॅगेत टाकून नेला. त्याने एकच फटका मारला आणि तो नेमका बसला. बायको म्हणते, ‘तुमना हात आजून बसना नही.’ मे महिन्यात मोकळ्या वावरात मारायचो तेव्हा चेंडू वेचणारा आमचा सालदार हसायचा, ‘साहेब, चेंडू आते डायरेक्ट नालामा जास.’ मुलगा दर रविवारी फोनवर विचारतो, ‘बाबा, सेट कसाय?’ मी सांगतो, एक नंबर. दिवाळीला तो येतोय, पुण्याला सोबत खेळायचं ठरलंय. डोकं बिघडलंय की हत्यारं? जुन्याकडे परत जाऊ का?

मेजरसाहेब, नमस्कार.

आधी तुमच्या सालदाराला माझा नमस्कार सांगा. अख्ख्या पत्रात सगळ्यात कामाचं वाक्य त्याचं आहे आणि तुम्ही ते गंमत म्हणून सांगून पुढे निघून गेलात. तुम्ही गोल्फर, तो नाही. म्हणून तुम्ही स्विंग बघत होता आणि तो फक्त चेंडू कुठे पडतो ते बघत होता. त्याने बघितलं की पूर्वी बांधाच्या अलीकडे पडणारा चेंडू आता नाल्यात पडतोय. त्याला चेंडू आणायला नाल्यात उतरावं लागत होतं, त्यामुळे त्याची नोंद खोटी असण्याचं कारण नाही.

तुमच्या जुन्या सेटचं वय बघता त्यातल्या सात नंबरचा लॉफ्ट, म्हणजे काठीच्या तोंडाचा तिरकेपणा, साधारण ३५ अंशांच्या आसपास असणार. हल्ली हौशी खेळाडूंसाठी जे आयर्न येतात, त्यांच्या सात नंबरचा लॉफ्ट बऱ्याचदा २८ ते ३० असतो. म्हणजे तुमच्या मुलाने आणलेल्या काठीवर सात कोरलेलं आहे, पण तिचा तिरकेपणा तुमच्या जुन्या सहाचा, कदाचित पाचाचा आहे, आणि नंबर जितका कमी तितका चेंडू लांब जातो. वजन खाली आणि कडेला वाटलेलं असल्यामुळे चेंडू तरीही उंच जातो, म्हणून डोळ्याला फरक कळत नाही. दीडशे यार्डावर झेंडा दिसला की तुमचा हात सवयीने सात नंबरकडे जातो, फटका चांगला बसतो आणि चेंडू ग्रीन ओलांडून मागच्या गवतात जाऊन बसतो. पुढच्या वेळी तुम्ही मनात धरता की जरा हळू मारू. हळू मारलेला फटका अर्ध्यात बसतो. ‘एक तर पार, नाहीतर अर्ध्यात’ हे तुम्ही लिहिलंय ना, ते एवढंच आहे. यात मानसशास्त्र अजून आलेलंच नाही.

दुसरी गोष्ट शाफ्टची, म्हणजे काठीच्या दांड्याची. तुम्ही लिहिलं नाही, पण वडिलांसाठी मुलगा सेट आणतो तेव्हा तो बहुतेक ग्रॅफाइटचा असतो. फौजी काळातला सेट स्टीलचा असणार. स्टीलचा शाफ्ट शंभर ग्रॅमच्या वर जातो, ग्रॅफाइटचा त्याहून बराच हलका. साठीच्या कोपराला आणि मनगटाला हा हलकेपणा मानवतो, त्याबद्दल मुलाला पैकीच्या पैकी मार्क. पण हलकी काठी वर लवकर जाते आणि खालीही लवकर येते, तुमचं टायमिंग मात्र जुन्या वजनावर घडलेलं आहे. तिसरी गोष्ट पावसाची. पहिले दोन राउंड मे महिन्यातले, कडक जमिनीवरचे. ड्रायव्हरचा चेंडू पडल्यावरही पळत राहिला असेल. घसरण लागली ती पावसाळ्यात. ओलं गवत चेंडू आणि काठीच्या मध्ये आलं की भल्याभल्यांची अंतरं चुकतात, देवळालीचा पाऊस तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

त्या पहिल्या दोन राउंडना फार मनावर घेऊ नका, असंही सांगेन. नव्याचे नऊ दिवस गोल्फमध्ये सगळ्यांनाच भोगायला मिळतात. नवी काठी हातात आली की माणूस निवांत मारतो, कारण चुकलं तर ‘नवीन आहे’ हे कारण खिशात असतं. दोन-तीन राउंडनंतर ते कारण संपतं आणि हिशेब सुरू होतो.

आता डोक्याकडे येऊ, कारण तिथेही काहीतरी चाललं आहे आणि तुम्हाला ते जाणवतंय.

सियन बायलॉक आणि थॉमस कार या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा २००१ सालचा एक प्रयोग तुमच्यासाठीच केल्यासारखा आहे. त्यांनी मुरलेल्या गोल्फरांना आणि नवशिक्यांना पुट (पटरचे फटके) मारायला लावले आणि मग विचारलं की आत्ताच्या पुटला तुम्ही काय काय केलं ते आठवून सांगा. नवशिक्यांनी बरंच सांगितलं. मुरलेल्यांना फारसं आठवेना. ते पुट मारत होते, पण कसे मारतोय याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते काम हात परस्पर करत होते. मग त्यांना एक विचित्र पटर दिला, दांडा वाकडातिकडा आणि डोक्याचं वजन भलतीकडे. त्याने मारल्यावर हेच मुरलेले लोक बारीकसारीक सांगायला लागले. हत्यार अनोळखी झालं आणि हातांचं काम पुन्हा डोक्याकडे आलं.

तुमचं हेच झालंय. जुन्या सेटने तुम्ही झेंड्याकडे बघत होता, नव्या सेटने मनगटाकडे बघता. वर्षानुवर्षं जी गोष्ट हुकुमाशिवाय होत होती, तिला आता तुम्ही प्रत्येक पायरीवर हुकूम सोडताय. तुम्ही फौजी आहात, त्यामुळे हुकूम जरा जास्तच शिस्तीत सुटत असतील.

आमच्याकडे निंदणीला येणाऱ्या बाया आपलं खुरपं दुसरीला देत नाहीत. एखादीचं घरी राहिलं आणि मालकाने कोरं खुरपं दिलं, तर ती दुपारपर्यंत कुरकुरते, एक-दोनदा कपाशीचं रोपच कापते आणि मग न बोलता ओळ धरते. तिला कोणी विचारत नाही की खुरपं वाईट की तू वाईट. दुपार जाऊ देतात. तुमच्या सौभाग्यवतींनी अहिराणीत जे सांगितलं ते हेच आहे आणि त्यांचं निदान माझ्यापेक्षा कमी शब्दांत आहे.

पण त्या बाईला एक सवलत आहे, ती तुम्हाला नाही. तिला ते खुरपं पोटच्या पोराने आखाजीला दिलेलं नाही.

तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं तेव्हा एक गोष्ट डोळ्यात भरली. जुन्या सेटवर तुम्ही जागा दिलीय, माणसं दिलीत, खोच आणि दगड दिलाय. नव्या सेटबद्दल ‘सगळं नवं, अमेरिकेहून आणलेलं’ एवढंच. त्याचा रंग नाही, आवाज नाही, हातात कसा वाटतो ते नाही. आणि लगेच मुलगा. माझा अंदाज सांगते, चुकीचा वाटला तर फेकून द्या: नवी काठी हातात घेतली की तुम्ही एका वेळी तीन फटके मारताय. एक चेंडूला. दुसरा या प्रश्नाला की मुलाची भेट कामाची ठरली की नाही. तिसरा या प्रश्नाला की तो कॅप्टन आणि त्याच्यासोबतचा तो काळ माळ्यावर टाकून दिला की काय. एवढं ओझं घेऊन कोणाचा खांदा फिरेल? प्रत्येक फटका पडला की तुम्ही निकाल लावता. बरा बसला तर मुलाच्या बाजूने, वाईट बसला तर जुन्याच्या बाजूने. खेळ राहतो बाजूला आणि कोर्ट भरतं.

म्हणूनच तो चोरून नेलेला सात नंबर नेमका बसला. तुम्हाला वाटलं, पुरावा मिळाला. मी म्हणेन, त्या एका फटक्याला तुमच्यावर कोणताच खटला नव्हता. शिवाय ओळखीच्या काठीवर विश्वास असतो, आणि विश्वासाने गोल्फमध्ये खरोखर फरक पडतो, नुसतं बरं वाटत नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये काही विद्यार्थ्यांना पुट मारायला दिले. सगळ्यांना पटर एकच. पण अर्ध्यांना सांगितलं की हा पटर बेन कर्टिसचा आहे, म्हणजे २००३ ची ब्रिटिश ओपन जिंकलेल्या खेळाडूचा. त्या अर्ध्यांना भोक मोठं दिसलं आणि त्यांचे पुटही जास्त गेले. काठी तीच. तुमच्या जुन्या सात नंबरमध्ये तर तुमचा स्वतःचाच बेन कर्टिस बसलाय, त्याला हरवायला नव्या सेटला थोडा वेळ लागणारच.

एका राउंडमध्ये, किंवा एका पावसाळ्यात, निकाल लावला तर काय होतं त्याचं मोठं उदाहरण रोरी मॅकिलरॉयचं. २०१२ मध्ये तो जगात पहिल्या क्रमांकावर होता, त्या वर्षी पीजीए चॅम्पियनशिप आठ फटक्यांनी जिंकली होती. जानेवारी २०१३ मध्ये मोठ्या गाजावाजात नायकीशी करार झाला, बॅगेतलं जवळजवळ सगळं एकदम बदललं, आणि अबुधाबीच्या पहिल्याच स्पर्धेत ७५ आणि ७५ मारून तो कटमध्ये, म्हणजे पहिल्या दोन दिवसांनंतरच्या छाटणीत, बाद झाला. दुसऱ्या दिवशी त्याने जुना पटर परत काढला होता. म्हणजे जगातला एक नंबरचा गोल्फरही तुमच्यासारखा जुनी काठी बॅगेत टाकून आलेला होता, फक्त त्याला ते गुपचूप करता आलं नाही. ते वर्षच त्याचं डगमगतं गेलं. त्याच कंपनीच्या सेटने २०१४ मध्ये त्याने ब्रिटिश ओपन आणि पीजीए लागोपाठ जिंकल्या. २०१३ च्या उन्हाळ्यात कोणी त्याला ‘हत्यारं वाईट’ असा निकाल दिला असता तर तो पटण्यासारखा होता, पण पुढे टिकला नसता.

त्यात तो जुना पटर मात्र नीट बघा. टायगर वूड्सने आयर्न बदलले, ड्रायव्हर बदलले, चेंडूची कंपनी बदलली, पण १९९९ पासून एक पटर धरून ठेवला आणि त्याने जिंकलेल्या १५ मेजर (सर्वांत मोठ्या) स्पर्धांपैकी १४ याच पटरने जिंकल्या. २०१० च्या ब्रिटिश ओपनमध्ये नवा पटर आणला तो शेवटच्या दिवशी बाजूला ठेवून हाच परत घेतला. पटरचा लॉफ्ट नाममात्र असतो, अंतराचं नवं गणित नसतं, तंत्रज्ञानाने तिथे हौशी माणसाला मोठा फायदाही होत नाही. तिथे हात आणि नजर यांची ओळखच कामाला येते. तुमच्या मुलाने ड्रायव्हरपासून पटरपर्यंत सगळं एकदम बदललं, ही एकच चूक मी त्याच्या खात्यावर टाकते. आणि ‘बाबा, कोणता सेट आवडेल’ हे न विचारण्याची दुसरी. पण सरप्राइज द्यायच्या वयात सगळेच ते विसरतात.

आता कामाचं. नियमात बॅगेत १४ काठ्या ठेवता येतात आणि त्या एकाच सेटच्या असाव्यात असं कुठेही म्हटलेलं नाही. जुना पटर आणि जुना सँड वेज (वाळूतून चेंडू काढायची काठी) बॅगेत परत आणा, उघडपणे. नवा पटर आणि नवा वेज कपाटात. ड्रायव्हर, वुड आणि आयर्न नवेच. जुने आयर्न मात्र दिवाळीपर्यंत खरोखर माळ्यावर चढवा आणि शिडी सालदाराच्या ताब्यात द्या. आज जुना, उद्या नवा, असे दोन्ही डगरींवर हात ठेवलेत तर नव्याची सवय होणार नाही आणि जुन्याची मोडेल; हल्ली तेच होतंय. जुना सेट विकायची घाई करू नका. घरात कोणी ‘पडून आहे’ म्हटलं तरी नाही. आत्ता विकलात तर पुढचा प्रत्येक चुकलेला फटका त्या विक्रीच्या नावावर जाईल.

मग अंतरं मोजा, हे सगळ्यात महत्त्वाचं. घरामागच्या जाळीत हे होत नाही. चेंडू तीन पावलांवर अडतो, तिथे सात आणि पाच दोन्ही सारखेच वाटतात. वावरात आता कपाशी उभी आहे, म्हणून देवळालीच्या पुढच्या फेरीत एक सकाळ राउंड सोडून द्या आणि रेंजवर (सरावाच्या जागी), किंवा मोकळ्या फेअरवेवर, प्रत्येक नव्या आयर्नने दहा-दहा चेंडू मारा. सगळ्यात लांब गेलेला धरू नका, तो मान वाढवतो आणि स्कोअर बिघडवतो. बहुतेक चेंडू जिथे गोळा झाले तो आकडा धरा. आकडा कागदी पट्टीवर लिहून प्रत्येक दांड्यावर, ग्रिपच्या खाली, चिकटवा. खेळताना काठीवरचा नंबर बघायचा नाही, पट्टीवरचा आकडा बघायचा. दीडशेला आता तुमचा आठ किंवा नऊ लागतोय असं निघालं तर लाजू नका, उलट शेजाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणा, ‘नऊ दे.’ आणखी एक: नऊ आणि जुना सँड वेज यांच्यामध्ये अंतराची मोठी दरी पडली असेल. नव्या सेटमध्ये पिचिंग वेज आहे तो तिथे बसतो का बघा. नसेल तर मधला एक वेज लागेल. तो खर्च मुलाकडून घ्या, त्याला आनंद होईल.

पुण्यात असाल तेव्हा एखाद्या चांगल्या फिटरकडे लाय (काठी जमिनीवर टेकते तो कोन) आणि ग्रिपची जाडी तपासून घ्या. जुन्या सेटवर तुम्ही ग्रिपखाली टेपचे वेढे चढवले असतील, नवा ग्रिप तुम्हाला बारीक लागत असेल. बारीक ग्रिपला हात जास्त आवळतो. हे छोटं आहे, पण तुमच्यासारख्या माणसाला ‘काहीतरी चुकतंय’ असं नेमकं न सांगता येणारं जे वाटतं, ते अनेकदा तळहातातच असतं.

हात विसरायचा तर लक्ष दुसरीकडे न्यावं लागतं. गॅब्रिएले वुल्फ या संशोधक बाईंनी गोल्फसह बऱ्याच खेळांवर अभ्यास केलाय: स्वतःच्या हातांच्या हालचालीकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा काठीच्या हालचालीकडे लक्ष देणारे सहसा बरं मारतात. मनगट, खांदा, कोपर हे शब्द दिवाळीपर्यंत डोक्यातून काढा. काठीचं डोकं चेंडूच्या पुढे, झेंड्याकडे जाऊ द्यायचं, एवढंच. आणि राउंडमध्ये स्कोअर लिहू नका. निदान तीन-चार राउंड. सोबती चिडवतील, त्यांना सांगा डॉक्टरने सांगितलंय.

राहिला मुलगा. मेजरसाहेब, ‘एक नंबर’ हे उत्तर बंद करा. तो सलग इतके रविवार विचारतोय, त्याचा अर्थ त्याला शंका आहे. समाधान झालेला माणूस एवढ्यांदा विचारत नाही. तुम्हाला वाटतं की खरं सांगितलं तर त्याच्या भेटीचा अपमान होईल. मला वाटतं, दिवाळीत पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू होतो तिथे, उभं राहिल्यावर त्याला एका नजरेत कळेल आणि मग चार महिन्यांची सगळी ‘एक नंबर’ त्याला आठवतील; ते त्याला जास्त लागेल.

बोलणं मोठं करू नका, भेटीवर नकोच, काठ्यांवर करा. या रविवारी त्याने विचारलं की सांगा: ‘सात नंबर भलताच लांब जातोय रे, लॉफ्ट किती आहे याचा? तुझ्याकडे कागद आहे का?’ बंगळुरूचा पोरगा आहे, दहा मिनिटांत तुम्हाला सगळ्या काठ्यांचे अंश पाठवेल आणि वर स्विंगवेटवर व्याख्यान देईल. ऐकून घ्या. मग पटरचं सांगा, की तो मी जुनाच ठेवलाय, वेलिंग्टनचा. का, असं तो विचारेल. तेव्हा त्याला त्या दगडाचं आणि त्या कॅप्टनचं सांगा. मला पत्रात जेवढं सांगितलंत तेवढं त्याला कधी सांगितलंय का, याची मला शंका आहे.

जुन्याकडे परत जाऊ का, याचं उत्तर मी आत्ता देत नाही आणि तुम्हीही देऊ नका. पुण्याचा राउंड होऊ द्या. कार्तिकी एकादशीच्या सुमाराला, पाऊस संपून जमीन सुकलेली असेल तेव्हा, पट्ट्यांवरचे आकडे पक्के झाल्यावर, दोन राउंड नव्याने आणि दोन जुन्याने खेळा, चारही एकाच कोर्सवर, आणि तेव्हा स्कोअर लिहा. जुना जिंकला तर जुना वापरा; मुलगा तोपर्यंत हिशेबात सामील झालेला असेल, त्याला वाईट वाटणार नाही. माझा कौल मात्र विचारलात तर नव्या आयर्नच्या बाजूने आहे. साठीनंतर दीडशेला नऊ नंबर लागतो हे सुख सोडू नये.

आणि जुन्या पटरचा ग्रिप आधी बघून घ्या. इतके महिने वापराविना, खानदेशातल्या उन्हाळ्यात पडून राहिलेलं रबर आता चिवट राहिलेलं नसणार. देवळालीला जाण्याआधी बदलून टाका, फक्त जाडी तीच ठेवायला सांगा.